लव्हाळ्यातली तिसरी वाट

आमच्या लास गार्सितास तळ्यावर "कुठे लागले?" हा प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही. टोपली भरून परत येणाऱ्याची विचारपूस करायची ती एक रीत आहे, आणि त्यावर थाप मारायची ही दुसरी. "पाण्यात लागले," म्हणणारा त्यातल्या त्यात सज्जन. बाकीचे बेटाकडे बोट दाखवतात. त्यावरून गडी बेटाकडे फिरकलाही नव्हता एवढं नक्की कळतं. मी ओस्मार, इथल्या मासेमारी क्लबच्या बोटी सांभाळतो. बत्तीस वर्षं धक्क्यावर बसलोय आणि थापांच्या बाबतीत कोणाला हार जाणारा नाही. आमच्याकडे हिवाळा जुलैत असतो; त्या जुलैच्या कडाक्यात सख्ख्या मेहुण्याला मी गायी पाणी पितात त्या गुडघाभर पाण्याच्या कोपऱ्यात पाठवलं होतं. संध्याकाळी बिचारा रिकाम्या टोपलीने कुडकुडत परतला. बहीण आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

या सगळ्या गोतावळ्यात खरं सांगणारा माणूस एकच, एबारिस्तो गोनी. गावचा बेकरीवाला. माझ्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणायचा, मी त्याला कोंपाद्रे म्हणायचो आणि त्याची बायको देल्मिरा माझी कोमाद्रे. अंगाने आडवा, आवाजाने हळू, भुवयांवर कायम पीठ. बेकरी सोमवारी बंद असायची, म्हणून त्याचा मासेमारीचा वार सोमवार.

आमचं तळं हिवाळ्यात गोठत नाही. काठच्या गवतावर दहिवर पडतं, पाणी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं. पंचाईत हीच. बाकीचे मासे थंडीत चिखलात तोंड खुपसून पडतात, पण आमचा रुपेरी पट्ट्याचा पेहेर्रेय थंडी पडली की हुशारतो आणि एवढ्या मोकळ्या पाण्यात कुठेही असू शकतो. आम्ही बाकीचे मोटर लावून इकडून तिकडे धावायचो, गळाची बुचं सोडायचो, शिव्या द्यायचो. एबारिस्तो वल्ही मारत जायचा. मध्येच थांबून बाही वर करायचा, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दहा आकडे मोजायचा, आणि पुढे. मळलेलं पीठ फुगलंय की नाही हे हात लावून ओळखणारा माणूस तो, पाण्याची जराशी ऊबही त्याला कळायची. वारा पडलेला आणि गारठा असला की मासा मधल्या खोलगटात. दोन दिवस वारा चालला असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात तिथे. आणि ऊन वर आलं की ओढ्याच्या तोंडाशी, कारण तिथे बारीक मासोळी जमते आणि तिच्यामागे पेहेर्रेय येतोच. मासे टिपणाऱ्या टिबुकल्या कुठे बुड्या मारतायत हेही तो बघायचा. यात गुपित काही नव्हतं. विचारेल त्याला तो हे सगळं सांगायचा आणि वर आजची जागाही सांगायचा, तीही इतकी बारकाईने, की ऐकणाऱ्याला हसू यायचं.

"थापा मारायच्या तर अशा माराव्यात," आमचा पशुवैद्य लार्राल्दे म्हणायचा. "झाड कुठलं, पवनचक्की कुठल्या बाजूला, सगळं तयार. आपल्याला नाही जमायचं बुवा."

क्लबच्या वार्षिक जेवणात आम्ही सगळ्यात मोठ्या थापाड्याला एक लाकडी करंडक देतो. एबारिस्तोला तो सलग पाच वर्षं मिळाला. दरवेळी तो लाजून उठायचा, सगळ्यांचे आभार मानायचा आणि करंडक घरी न्यायचा. देल्मिरा त्यात लसूण ठेवायची. मला वाटायचं, काय पक्का माणूस आहे! तो टोपली भरून यायचा आणि मी त्याने सांगितलेली जागा सोडून उरलेलं सगळं तळं पालथं घालायचो. "चल की एकदा माझ्याबरोबर," तो म्हणायचा. मी जायचो नाही. मला तिथे बसवून हा हळूच भलतीकडे सटकेल, अशी माझी खात्री होती. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलेल्या माणसाबद्दल मी हा विचार करत होतो.

त्या जुलैतल्या सोमवारी तो सकाळी नऊला धक्क्यावर आला. माझ्याबरोबर मातेचा कडू पाल्याचा चहा दोनदा प्यायला, देल्मिराने दिलेल्या पिठाच्या गरम तळलेल्या तोर्ता माझ्या हातात कोंबल्या.

"कुठे आज?" मी विचारलं. रीत म्हणून.

"ओढ्याच्या तोंडाशी. लव्हाळ्यात पाण्याच्या वाटा आहेत ना, त्यातली तिसरी. काठावरच्या उर्रुतियांच्या शेतातली वाकडी निलगिरी बरोबर समोर येते. दोनपर्यंत येतो."

"हो हो. आणि मी बिशपकडे जेवायला चाललोय."

"मग त्यांना माझा नमस्कार सांग," तो म्हणाला आणि वल्ही मारत निघाला.

एकच्या सुमाराला वारा फिरला. दक्षिणेचा, म्हणजे आमच्याकडे बर्फासारखा गार, थेट. आमचं तळं उथळ आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उंच उठतात, आणि लहान बोटीला श्वास घेऊ देत नाहीत. बाकीचे सगळे शेपूट घालून धक्क्यावर परतले. दोन वाजले, तीन वाजायला आले. एबारिस्तो आला नाही. बुडण्याएवढं पाणी नाहीच आमच्याकडे, पण त्या थंडीत भिजलेला माणूस वाऱ्यावर किती वेळ टिकतो, हे आम्हाला माहीत होतं. सूर्य सहाच्या आत बुडणार होता.

क्लबमध्ये मोटरच्या पाच बोटी होत्या. लार्राल्देने टेबलावर खडूने तळं काढलं.

"कुठे जातो म्हणाला?"

"ओढ्याच्या तोंडाशी, तिसऱ्या वाटेत," मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला लाज वाटते. लार्राल्देने तो कोपरा खडूने खोडून टाकला. "एवढी तरी मदत केली आपल्याला. तेवढा भाग वगळा." मग मीच वाटण्या केल्या. दोन बोटी बेटाकडे, एक मधल्या खोलगटात, दोन उत्तरेच्या काठाला. तास-दीड तासाने सगळ्या परत आल्या. माणसं ओलीचिंब, आणि आता कोणी हसत नव्हतं.

तेवढ्यात देल्मिरा सायकलवरून आली. अंगावर घरचाच एप्रन, वरून नवऱ्याचा कोट.

"कुठे आहे तो?"

"शोधतोय, कोमाद्रे. बेट पाहिलं, उत्तरेचा काठ..."

"बेटावर कशाला? तुम्हाला सांगून नाही गेला?"

"सांगितलं ना. ओढ्याचं तोंड म्हणाला. तिसरी वाट."

"मग तिथे कोण गेलंय?"

लार्राल्दे टेबलावरच्या खडूकडे बघत राहिला.

"कोणीच नाही?"

"कोमाद्रे, कसं सांगू तुला," मी म्हणालो. "मासे पकडणारा माणूस जागा सांगतो ना, तेव्हा ती..."

"ओस्मार, मला तुमचं मासेमारीतलं काही कळत नाही. सव्वीस वर्षं तो मला कुठे जातो ते सांगून जातो आणि तिथेच असतो. उठ, बोट काढ."

मी उठलो. ती माझ्याआधी बोटीत जाऊन बसली. आयुष्यात कधी बोटीत न बसलेली बाई, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, तोंडावर पाणी उडत असताना डोळे न मिटता समोर बघत होती. वाकडी निलगिरी दिसली. पहिली वाट गेली, दुसरी गेली.

तिसरीत एबारिस्तो होता. त्याची बोट पाण्याने भरून तळाला टेकली होती आणि तो बुडलेल्या फळीवर उभा होता, गुडघ्यापर्यंत पाणी, अंगावरचं सगळं ओलं, दोन्ही मुठींत लव्हाळ्याच्या जुड्या. ओठ निळे. मी त्याच्या बोटांतून लव्हाळी सोडवायला गेलो तर बोटं उघडेनात. देल्मिराने ती एकेक करून सोडवली, आणि त्याला काय काय बोलत होती ते मला वाऱ्यात ऐकू आलं नाही.

त्याला फुप्फुसाचा ताप भरला. तीन आठवडे बेकरी बंद राहिली आणि आख्ख्या गावाने शेजारच्या गावचा दगडी पाव खाल्ला. अजून अर्धा तास गेला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पण हे सगळं मागाहून. तेव्हा आम्ही बोटीत होतो, मी मोटर धरली होती, आणि तो देल्मिराने अंगावरून काढून दिलेल्या कोटात गुंडाळलेला थडथडत होता. मागे वळून बघितलं तेव्हा मला दिसलं, लव्हाळ्यापासून उर्रुतियांचं कोरडं रान जेमतेम दोनशे पावलं होतं. मध्ये कमरेएवढं पाणी. घर दिसत होतं, धुरांड्यातून धूर निघत होता.

"अरे, चालत का नाही गेलास?" मी ओरडलो. मला रागच आला होता. "पाव तासाचं काम! चुलीपुढे बसला असतास!"

दात वाजत होते म्हणून त्याला बोलायला वेळ लागला.

"तुला इथे असतो म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी निघून गेलो असतो तर तुम्ही इथे येऊन मला शोधत बसला असता. असल्या वाऱ्यात."

मी मोटरकडे बघायला लागलो. ती नीट चालली होती, तिच्याकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"बोटी दिसत होत्या लांबून," तो पुढे म्हणाला. "बेटाकडे चालल्या होत्या. तेव्हापासून मी आठवतोय. कोंपाद्रे, खरं सांग, सकाळी माझ्याकडून सांगताना काही चुकलं का रे? दुसरी वाट म्हणालो का मी?"

बत्तीस वर्षांची सवय. हो म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. हो म्हटलं असतं तर त्याने माझी माफी मागितली असती, मी दिली असती, आणि विषय तिथेच मिटला असता. देल्मिरा माझ्याकडे बघत नव्हती. ती त्याचे हात चोळत होती.

"तिसरीच म्हणालास," मी म्हणालो. "निलगिरीसुद्धा सांगितलीस. तुझं काही चुकलं नाही, एबारिस्तो. मी विश्वास ठेवला नाही."