एकच नाव, ‘उशीर झाला’

परवा मोबाइलवर ‘उशीर झाला’ एवढंच टाइप केलं, तर एकाखाली एक तीन गाणी आली. भजन, भावगीत आणि लावणी. आपली भाषा मोठी काटकसरी. देव, प्रियकर आणि रंगेल पाव्हणा, तिघांपाशीही ती त्याच दोन शब्दांत हळहळते. हे मला वेळीच कळलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेतून निवृत्त झाले, त्या दिवशी घरी वाजवायला मी त्यांच्या आवडत्या भजनांची कॅसेट भरून घेतली. दुकानदाराला दिलेल्या यादीत शहाण्यासारखी नुसती नावं लिहिली. त्याने काय भरलं, ते घरी जमलेल्या अख्ख्या शिक्षकवर्गासमोर कळलं. ढोलकी कडाडली. मुख्याध्यापकांचा पेढा तोंडाशीच थांबला. जन्मात तमाशाच्या तंबूकडे न फिरकलेल्या अण्णांची आज मी शोभा केली, या धास्तीने मी टेपकडे झेपावलो.

“राहू दे रे गाढवा,” अण्णा म्हणाले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचत होती. “भजनाला आता रोजच मोकळा आहे मी.”

अण्णांना ठेका धरताना मी तेवढं एकदाच पाहिलं.