उंच ते विकले

गंगापूरच्या अलीकडं माळावरच्या वस्तीत कडूबा राहायचा. शेळ्यांचा कळप त्याला आईकडून मिळाला, तेव्हा त्यातले बोकड त्याच्या कमरेला लागत. शहरातल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ते नेले की माणसं वळून बघायची. त्या दिवशी कडूबाला जेवणाचीही शुद्ध नसायची.

दरसाल त्याची एकच रीत. करडं जरा मोठी झाली की उंच, रुंद पाठीची निवडायची, खच्ची करायची आणि ईदच्या बाजारासाठी पोसायची. धिप्पाड पाठ, म्हणजे न व्यालेली तरणी शेळी, दिसली तर तीही व्यापारी मागून न्यायचा. किडकिडीत, कुणी हातही लावणार नाही असं जे उरे, ते कळपात राही. पुढच्या साली शेळ्या त्याच्यापासूनच गाभण जात.

पोरी सासरी गेल्या, कडूबाचे केस पिकले. एका गुरुवारी ओळखीच्या व्यापाऱ्यानं त्याच्या बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "औंदा करडंच आणलीस व्हय? बोकड कुठंयत?"

"हेच बोकड हायेत," कडूबा म्हणाला.

व्यापारी पुढच्या दावणीकडं गेला.

घरी आल्यावर कडूबानं चाऱ्याला दोष दिला, मग पाण्याला. बायकोनं, वच्छलाबाईनं, कळपाची दृष्ट काढली. त्यानं सरकी पेंड चारली, जंताचं औषध पाजलं. करडं खुजीच राहिली. शेवटी त्यानं गुरांचे डॉक्टर अनंतराव यांना बोलावलं. त्यांनी एकेक जनावर तपासलं.

"आजार काही नाही. पैदाशीला कोणता बोकड ठेवता?"

"ठेवायचा कशाला? इकला जात नाय त्यो ऱ्हातो."

डॉक्टरांनी कळपावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "उंची आईबापाकडून येते, कडूबा. उंच होते ते तुम्ही दरसाल काढून टाकले. खुज्यांचीच वीण वाढत गेली."

त्या संध्याकाळी वच्छलाबाई म्हणाली, "आपुन वंगाळ काय केलं? चांगला माल तेवढा इकला."

"तेच केलं," कडूबा म्हणाला. चोर आला असता, रोग आला असता, तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग तो जुन्या रक्ताचा बोकड शोधत गावोगाव फिरला. जो तो त्याच्यासारखाच. चांगले विकून बसलेला. अजिंठ्याकडं एका वस्तीवर बऱ्या उंचीचा एक सापडला, तो त्यानं जीपमधून आणला. त्याची करडं झाली. दोन-तीन थोडी उंच निघाली, बाकी आयांवर गेली.

"आधीसारखा कळप व्हायला किती सालं लागतील?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"खुजा व्हायला जितकी लागली, निदान तेवढी तरी."

कडूबाला आता जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. त्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला. शेळ्यांमागं जायला कुणी नव्हतं. जावयांना त्यात गोडी नव्हती. अख्खा कळप त्यानं छावणीत उभा केला. व्यापाऱ्यानं सगळ्यात आधी अजिंठ्याचा बोकड आणि त्याची उंच करडं वेगळी काढली.

"ही कापायला देऊ नका," कडूबा म्हणाला. "शेळ्यांत सोडा. लई मुश्किलीनं..."

"व्हय व्हय," व्यापारी म्हणाला. त्याच्यामागं उभा असलेला खाटीक तोवर बोकडाची पाठ चाचपत होता.

कडूबा एसटीनं घरी आला. वच्छलाबाईनं ताट वाढलं, त्यानं ते बाजूला सारलं. ती त्याच्याशेजारी बसून राहिली.