काळ्या काठाची सात पत्रं

रिसोडच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा आमच्या मास्तरांच्या खोलीत किस्से इतके साचायचे की झाडून काढले असते तर टोपलंभर निघाले असते. त्यातले निम्मे एकट्या आप्पाजींच्या पेटीचे!

आप्पाजी शेजारच्याच मालेगावचे, इंग्रजी अमदानीतले तहसिलीतले कारकून. दिवसभर फाईली, संध्याकाळी दुर्बीण, आणि विलायतेतल्या एका ज्योतिर्विदाशी पत्रव्यवहार. त्यांच्या सुनेनं, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या काकूंनी, ती पत्रांची पेटी आमच्या वानखडे मास्तरांना दिली. वानखडे शास्त्र शिकवायचे. एक शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, विलायतेच्या आधी आप्पाजींना दिसलं, हे सिद्ध करायचा त्यांना ध्यास लागला होता.

*

हेडमास्तरांनी पेटी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "सरकारी नोकर परदेशात पत्रं लिहितो? वरिष्ठांची परवानगी होती का?"

आप्पाजींना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. तरी हेडमास्तरांनी वानखड्यांकडून लेखी खुलासा घेतला आणि फायलीला लावला!

*

ड्रॉइंग मास्तरांना तिकिटं जमवायचा नाद. एका दुपारी त्यांनी सगळ्या पाकिटांवरची तिकिटं कात्रीनं कापून घेतली, शिक्क्यांसकट. म्हणजे तारखाही गेल्या! वानखड्यांनी ते पाहिलं आणि बाह्याच सरसावल्या. इतका चिडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ड्रॉइंग मास्तर शांतपणे म्हणाले, "आत पत्रावर तारीख असतेच की."

ते खरं होतं, म्हणून मारामारी टळली.

*

पण हवी होती तीच पत्रं पेटीत नव्हती. पेटीतल्याच आप्पाजींच्या वहीत मात्र नोंद सापडली. विलायतेतल्या त्या साहेबाची बायको वारली होती, आणि त्यांच्या दुखवट्याच्या रीतीप्रमाणे तो वर्षभर काळ्या काठाच्याच कागदावर लिहीत होता. अशी सात पत्रं आली. शेंडेनक्षत्र आधी आप्पाजींना दिसलं, हे त्यानं पहिल्याच पत्रात कबूल केलं होतं.

वानखडे दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला घेऊन मालेगावला निघाले.

*

काकूंनी चहा दिला. वानखड्यांनी काळ्या काठाच्या पत्रांचं विचारलं.

"होते न," काकू म्हणाल्या. "मामंजी सांगत, काळा काठ म्हंजे कोनी तरी गेलं. पन फाडू देत नव्हते. तुमी पेटी नेनार म्हनून म्या आदल्या दिवशी उघडून पाह्यली. मयताचं पत्र कोनी घरात ठेवते काय? तुमच्या घरी लेकरं हायेत, मास्तर. फाडून नाल्यात सोडले."

वानखड्यांनी कपबशी खाली ठेवली. एवढा पुरावा गेला, आणि तोही त्यांच्याच लेकरांच्या काळजीपोटी.

काकू सांगतच होत्या. त्यानंतर त्या सात वेळा न्हाल्या, एकेका पत्राची एकेक आंघोळ. मग पदर सावरून त्या वानखड्यांच्या जवळ सरकल्या.

"मले वाचता येत नाई. पन साऱ्या पत्राईवर अक्षर एकाचंच होतं. एकाच घरचे सात जन गेले काय हो, मास्तर?"