तपकिरी पाकळी

दुपारचा एक वाजला की इराज गोलशनी चष्मा मिटून खिशात ठेवीत, लोकरीच्या लडी हाताने चाचपून डब्यात लावीत आणि दुकानामागच्या खोलीत बरोबर चाळीस मिनिटे आडवे होत. त्या चाळीस मिनिटांत त्यांची सून शुभा त्यांनी सकाळभर मारलेल्या पन्नास-साठ गाठी सुरीने एकेक करून कापून काढी आणि त्याच जागी योग्य रंगाच्या गाठी मारी. फेब्रुवारीत सुरू झालेला हा प्रकार मे महिना अर्धा सरला तरी चालू होता.

गोलशनी घराणे मूळचे इराणातल्या काशानचे. इराज यांचे आजोबा तेथे गालिच्यांचे रफूगर होते. वडिलांनी १९६१ साली बॉनमध्ये दुकान काढले. तेव्हा बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी होती, वकिलातींच्या दिवाणखान्यांना गालिचे लागत आणि ते गोलशनींकडून जात. पुढे राजधानी हलली, वकिलाती बर्लिनला गेल्या आणि विक्री आटत आटत नावापुरती उरली. दुरुस्तीचे नाव मात्र टिकून होते. गोलशनींनी सांधलेली जागा खुद्द मालकालाही सापडत नाही, असे लोक म्हणत, आणि त्या एका वाक्यावर दुकान उभे होते.

शुभा पुण्याहून नैसर्गिक रंगांवर संशोधन करण्यासाठी बॉनच्या विद्यापीठात आली होती. मंजिष्ठेने रंगवलेल्या जुन्या लोकरीचे नमुने मिळावेत म्हणून ती प्रथम या दुकानात शिरली. इराजनी तिच्यापुढे अकरा लडी टाकल्या आणि गडद ते फिकट अशा क्रमाने लावायला सांगितले.

"दोन चुकल्या," ते म्हणाले. "म्हणजे नऊ बरोबर आल्या. माझ्या मुलाला चार जमतात. बस, चहा घे."

तो मुलगा म्हणजे कावे. त्याच्याशी तिने पुढे लग्न केले. कावे दूरध्वनी कंपनीत नोकरीला लागला आणि दुकानातली त्याची जागा शुभाने घेतली. त्याला आता सोळा वर्षे झाली होती. घरात बोलणे जर्मनमध्ये होई. पण सासऱ्यांना ती 'बाबाजान' म्हणे आणि ते तिला 'शुभाजान' म्हणत.

या जानेवारीत एक गालिचा पोचवण्यासाठी बांधताना तिला लाल फुलात एक तपकिरी पाकळी दिसली, आणि ती जागा बाबाजानांनी सांधलेली होती. तिने गालिचा गुपचूप दुरुस्त केला आणि त्या दिवसापासून त्यांच्यावर लक्ष ठेवले. ते लडी डब्यातल्या जागेवरून उचलत होते. जागा चुकली की रंग चुके, आणि तो चुकल्याचे त्यांना कळत नसे.

सध्या कामाच्या पाटावर लिंडनरबाई या गिऱ्हाइकाचा काशानी गालिचा होता. शेकोटीतला निखारा पडून डाळिंबाच्या फुलांमध्ये तळहाताएवढे भोक पडले होते. शुक्रवारी, तेवीस मे रोजी बाई तो न्यायला येणार होत्या. तोवर तो निर्दोष व्हायला हवा होता, आणि तो निर्दोष कोणी केला हे बाबाजानांना कधीही कळता कामा नये होते. 'रंग कळेनासे झाले की या खुर्चीवर बसण्याचे कारण संपले,' असे ते पूर्वी एकदा सहज बोलून गेले होते. शुभा ते विसरली नव्हती.

तिची मैत्रीण नीता कावेच्याच कंपनीत होती. एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगं, हे काय? सासऱ्यांनी विणायचं आणि सुनेनं उसवायचं? आमच्याकडे सगळं उलटं असतं हं!"

"हळू बोल. उठतील."

"डॉक्टरला दाखव ना सरळ."

"दोनदा टेर्मीन घेतली, वेळ ठरवली. दोन्ही वेळा त्यांनीच फोन करून रद्द केली. म्हणे दिवा कमी पडतो. हा तिसरा दिवा."

"आणि आमचे कावेभावजी काय म्हणतात?"

"गालिचे नीट जातायत ना, मग प्रश्न कुठे आहे, असं म्हणतो."

"गेनाऊ, अगदी तेच! यांना प्रश्न कधी दिसतात का?" नीताने डब्याचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले. "शुभा, पण असं किती दिवस चालणार?"

शुभा पुन्हा पाटावर वाकली. तिच्या सोळा गाठी राहिल्या होत्या आणि घड्याळात एक वाजून एकतीस मिनिटे झाली होती.

सोमवारी, एकोणीस तारखेला, भोक भरून झाले. काम संपले की इराज गालिचा पालथा घालीत आणि मागच्या बाजूवरून बोटे फिरवीत. ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत होती. शुभाने ती शेकडो वेळा पाहिली होती, तरीही तिने केवळ पुढची बाजू सांभाळली. रंग तिने जुळवले, गाठींची संख्या जुळवली, लवही बरोबर कापली. आपला हात मात्र तिला लपवता आला नव्हता.

त्यांची बोटे एका जागी थांबली, मागे आली आणि पुन्हा त्याच जागी गेली.

"शुभाजान, हे कोणी केलं?"

"आपण दोघांनी, बाबाजान."

"दोघांनी नाही. इथे माझी एकही गाठ नाही. माझी गाठ खाली ओढलेली असते. तुझी डावीकडे कलते. सोळा वर्षं कानीकपाळी ओरडतोय, कलू देऊ नकोस म्हणून."

त्यांनी गालिचा उलटून सुलटा केला आणि दिव्याखाली ओढला.

"मी कोणता रंग घातला होता?"

"तपकिरी."

"आणि हा?"

"डाळिंबी."

ते फुलाच्या अगदी जवळ वाकले.

"केव्हापासून करतेस?"

"फेब्रुवारीपासून."

"त्याआधी मी सहा गालिचे पोचवले. ते कोणी तपासले?"

त्यांतला एक शुभाने मार्चमध्ये पाहिला होता. तो बॉनच्याच बाड गोडेसबेर्ग भागातल्या एका निवृत्त दंतवैद्यांच्या घरी होता. त्यांनी तिला कॉफी दिली होती, आणि कॉफी संपेपर्यंत ती खिडकीजवळच्या तपकिरी पाकळीवर पाय ठेवून बसली होती. हे तिने आता सांगितले. सांगताना तिला वाटले, ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "त्यांनी पाहिलं असेल. सभ्य माणूस आहे, बोलला नाही."

संध्याकाळी कावे आला तेव्हा ते पत्राचा मजकूर सांगत होते आणि शुभा लिहीत होती. आपल्या गालिच्यात माझ्या हातून चुकीचा रंग भरला गेला आहे, तो कृपया परत आणावा, विनामूल्य दुरुस्त करून दिला जाईल. अशी सहा पत्रे होती.

"बाबा, एकाची तरी तक्रार आली आहे का?" कावेचा आवाज चढला. "ही पत्रं गेली की दुकान संपलं. शुभा आहे ना! तिचे डोळे आहेत, तिचा हात आहे. कोणाला काय कळतंय?"

"आल्झो, म्हणजे लोकांनी सहा वेळा माझ्या नावावर विश्वास ठेवला, तो त्यांना कळत नाही म्हणून?"

"आणि तिचं काय? तिने सोळा वर्षं दिली या दुकानाला!"

इराज यांनी सुनेकडे तोंड वळवले. नजर मात्र तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी स्थिरावली. "नाही पाठवायची म्हणालीस तर नाही पाठवणार. बोल."

शुभाला नाही म्हणायचे होते. हे दुकान तिचेही होते, आणि या वयात तिला प्रयोगशाळेत कोणी घेणार नव्हते. पण त्या माणसाने तिला अकरा लालांमधला फरक शिकवला होता. तिने सहाव्या पाकिटावर पत्ता लिहिला.

लिंडनरबाई शुक्रवारी आल्या. इराजनी त्यांना सगळे स्वतः सांगितले. बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, फार वाईट वाटले म्हणाल्या आणि गालिचा घेऊन गेल्या. पुढच्या तीन आठवड्यांत सहांपैकी चार गालिचे परत आले. पाचव्या मालकाने आपला गालिचा कोलोनच्या कारागिराकडे दिल्याचे कळवले, सहाव्याचे उत्तरच आले नाही. दुरुस्तीसाठी पडून असलेले इतर तीन गालिचे त्यांच्या मालकांनी कारण न देता परत नेले. नवे काम आले नाही. बॉन एवढेसे गाव. बातमी पसरायला आणखी किती वेळ लागणार?

दंतवैद्यांचा गालिचा शुभाने जूनच्या मध्यावर पाटावर घेतला. एक वाजला, पण इराज उठले नाहीत. आता ते दुपारी झोपत नसत. तिच्या समोर बसून ते सुरीचा आवाज ऐकत.

"किती झाल्या?"

"बारा."

"एकोणतीस झाल्या. मी मोजतोय."

तिने सुरी खाली ठेवली. "बाबाजान, आजच्यापुरतं राहू दे."

"राहू दे कशाला? पाकळी अजून बरीच असेल."

त्यांनी हात पुढे केला. बोटे पाटाच्या कडेवरून गालिच्यावर आली, कापलेल्या मोकळ्या धाग्यांवरून सरकत गेली आणि जिथे त्यांच्या गाठी अजून शाबूत होत्या तिथे येऊन थांबली. हात त्यांनी तिथेच ठेवला. शुभा सुरी उचलून वाट पाहू लागली. ते हात उचलीनात, आणि उचला म्हणण्याचे धैर्य तिला होईना.