आबांची मदत

आमच्या बारामतीच्या कॉलेजात पुरातत्त्व हा विषय मी शिकवते, आणि तो बंद पडायच्या बेतात होता. "याचं पुढं काय?" असं पालक विचारत. प्राचार्यही तेच विचारू लागले, तेव्हा माझं पित्त खवळलं. म्हटलं, एकदा मुलांचं उत्खनन बघा, मग खुशाल कुलूप लावा.

खरं उत्खनन सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून शेळगावला चुलत सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या बांधावर मी सरावाचा खड्डा तयार केला. तळाशी चुलीची राख आणि खापरं, त्यावर माती, मग फुटक्या कपबश्या, पुन्हा माती, आणि वर मोबाइलचं जुनं कव्हर. मुलांनी ब्रशनं एकेक थर उलगडायचा होता. दोन रविवार खपून माझी कंबर धरली होती.

ठरल्या दिवशी प्राचार्यांना आणि मुलांना घेऊन पोचले, तर बांधावर जेसीबी उभा. शेजारी मातीचा ढीग, आणि ताडपत्रीवर खापरं, कपबश्या, कव्हर, सगळं धुऊन वाळत घातलेलं.

"सूनबाई, पोरं उनात कवा खणायची?" आबा खुशीत म्हणाले. "च्या पिऊस्तवर काम झालं बघा. आता बसा, पिठलं-भाकरी तयार हाय."

मला रडू फुटायचं बाकी होतं. प्राचार्य म्हणाले, "छान, लवकर आटोपलं!" आणि भाकरीकडे वळले. माझा विषय संपला होता.

तेवढ्यात वर्षभर शेवटच्या बाकावर पेंगणारी माझी एक विद्यार्थिनी आबांवर कडाडली.

"आबा, वस्तू शोधायच्याच नव्हत्या! कशावर काय हुतं, ते बघायचं हुतं. त्यावरनंच कळतं आधी कोण राहिलं आन् मागनं कोण. आता चुलीची राख आन् मोबाइल एकाच ढिगात! हे परत लावता येतंय व्हय?"

मी थक्क. पोरगी डोळे मिटून सगळं ऐकत होती तर! प्राचार्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

आबांनी टोपी काढली. ओढ्याकाठी त्यांचं एक टेकाड आहे, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं. गावात त्याला पांढरी म्हणतात. तिकडे बघत ते म्हणाले, "मग पांढरीचं बी असंच झालं म्हणायचं. तिथली माती मीच ट्रॉल्या भरून खत म्हणून उसात टाकलीया."



"काही उरलंय का?" प्राचार्यांनी विचारलं.

"हाय थोडी. बाभळीखाली."

"मॅडम, पुढच्या वर्षीचा पहिला तास तिथंच घ्या."

मी काही बोलणार, एवढ्यात जेसीबी सुरू झाला आणि ओढ्याच्या बाजूनं वळू लागला. आबा भाकरी टाकून अनवाणीच धावले.

"आरं, तिकडनं नको! रस्त्यानं ने!"