आधी कुणाला उचललं

पोलंडला जायला मी माहेरून, मोहन्याहून निघाले तेव्हा आई गाडीपर्यंत आली नाही. दुपारी साडेबाराची वेळ, म्हणजे दादाच्या जेवणाची. त्याला भरवायला चाळीस मिनिटं लागतात आणि मध्येच उठलं तर तो तोंड मिटून घेतो, मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. आईचा उजवा हात वरणभाताने बरबटलेला, म्हणून डाव्याच हाताने तिने माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "डाव्या हाताचं चालतं गं, आईचं आहे." अमोल, माझा नवरा, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा होता. डोंबिवलीहून सासूबाईंनी दिलेल्या पिशव्यांनी डिकी आधीच भरलेली. मी दादाच्या केसांतून हात फिरवला आणि निघाले.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. जन्मताच त्याच्या मेंदूला इजा झाली, त्यामुळे तो चालत नाही, बसतो तेही टेकवून ठेवलं तर. बोलत नाही, पण हसतो भरपूर. त्याच्यामुळेच मी फिजिओथेरपिस्ट झाले. लग्नाआधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका सेंटरमध्ये अशाच मुलांना व्यायाम द्यायचे. रोज संध्याकाळी दमून खोपटच्या डेपोसमोर चहा प्यायचा आणि घरी येऊन पुन्हा दादाचे पाय हातात घ्यायचे. बाबा गेले, मग माझं लग्न झालं आणि घरात ती दोघंच उरली, आई आणि दादा.

अमोलच्या कंपनीने त्याला पोलंडला पाठवलं, म्हणून आम्ही आलो. गावाचं नाव झेशूफ. इथून युक्रेनची सीमा गाडीने तासा-दीड तासावर. नातेवाइकांनी निघण्याआधी पुष्कळ घाबरवलं होतं, अगं तिकडे युद्ध चालू आहे, तुला काय वेड लागलंय. युद्ध सीमेपलीकडे आहे, असं मी प्रत्येकाला समजावत बसायचे. तुमच्यापैकी जे बाहेर गेलात त्यांना ठाऊक असेल, आपण हे घरच्यांना कमी आणि स्वतःला जास्त सांगत असतो.

माझी पदवी इथे धरत नाहीत. पहिले सहा महिने मी भाषेच्या क्लासला जायचे आणि उरलेला वेळ खिडकीत. मग क्लासमधल्या एका बाईने चर्चच्या संस्थेबद्दल सांगितलं. एका जुन्या शाळेत सिस्टर हालिना आणि त्यांच्या बरोबरच्या चार सिस्टर युक्रेनमधून आलेल्या आयांना आणि त्यांच्या अपंग मुलांना ठेवून घ्यायच्या. काही आठ दिवस राहायच्या, काही वर्षभर. कुणी तिथून पुढे जर्मनीला जायच्या, तिकडच्या दुसऱ्या संस्थेत. सिस्टरांनी माझी पदवी विचारली नाही. एका मुलाचा आखडलेला पाय मी कसा धरते ते बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाल्या. त्यांना मी हिंदू आहे हे सांगितलं तर म्हणाल्या, पाय सगळ्यांचे सारखेच आखडतात.

त्या घराचे नियम वेगळे होते. कुठल्याही आईला नवऱ्याबद्दल विचारायचं नाही. आल्या दिवशी फॉर्म भरायचा नाही, आधी कोरडे मोजे आणि गरम झुपा, म्हणजे सूप. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अचानक आवाज करायचा नाही, सायरन ऐकत आलेली माणसं होती ती. शाळेची घंटा काढून ठेवलेली, दारं आपटू नयेत म्हणून चौकटींना जाड कापड चिकटवलेलं, सगळ्यांचे फोन मुके. मला हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं आणि मी अगदी मनापासून पाळत होते.

आणि तरी मी तिथे कुकर घेऊन गेले.

कारण साधं होतं. त्या घरातल्या बऱ्याच मुलांना चावता यायचं नाही आणि रोजचा बटाट्याचा लगदा खाऊन ती कंटाळली होती. मी म्हटलं, दादाला करते तशी मऊ खिचडी करते, तूप घालून. सिस्टर खूश झाल्या. डोंबिवलीहून आणलेला पाच लिटरचा कुकर मी बसने नेला, त्यांच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ लावले आणि बाहेर हॉलमध्ये आया आणि मुलं टेबलाशी बसली होती तिथे वाट्या मांडायला लागले. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. लहानपणापासून इतक्या शिट्ट्या ऐकल्यात, की तो आवाज आहे हेच मी विसरून गेले होते. आपल्याकडे कुकरची शिट्टी झाली तर माणूस फक्त आकडा मोजतो.

पहिली शिट्टी झाली आणि हॉल उधळला.

खरंच सांगते, मला दोन क्षण समजलंच नाही काय घडतंय. खुर्च्या पडल्या. एक आई मुलाला पोटाखाली घेऊन टेबलाखाली गेली. दुसरी भिंतीला चिकटली, मुलीचं डोकं छातीत दाबून. ओक्साना नावाची एक आई होती, तिला दोन मुलं. मार्को सात वर्षांचा, व्हीलचेअरमध्ये, बराचसा आमच्या दादासारखा. आणि सोल्या, दोन वर्षांची, धडधाकट. ओक्सानाने सोल्याला खाकोटीला मारलं आणि ती जिन्याखालच्या कोपऱ्याकडे धावली. मार्को टेबलाशीच राहिला. गळ्यात त्याचं लाळेरं बांधलेलं. तो घाबरलेला नव्हता, ओरडलाही नाही. ज्या दारातून आई गेली त्या दाराकडे बघत होता.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, तरी दुसरी शिट्टी झालीच. सिस्टर हालिना हॉलच्या मध्यभागी उभ्या राहून सांगत होत्या, भांडं आहे, भांडं आहे, स्वयंपाकाचं भांडं. आया एकेक करून उठल्या. कुणीतरी हसलंसुद्धा. ओक्साना दारात आली आणि तिथेच थांबली. कडेवर एक मूल, समोर दुसरं. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते तिला कळलं.

मी मान खाली घालून पडलेल्या खुर्च्या उचलत होते. पण खोटं कशाला बोलू, लाजेइतकाच मला रागही आला होता, आणि तो तिचा. मार्कोच्या जागी मला दादा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ओक्सानाने सिस्टरांना सांगितलं की गुरुवारच्या बसने ती सोल्याला घेऊन जर्मनीला जाईल आणि मार्कोला इथेच ठेवेल, कायमचं. तिला त्याचा कंटाळा आला नव्हता. सिस्टरांनी मला तिचे शब्द सांगितले. तिकडे गावातही हेच झालं होतं. दोनदा सायरन झाला, दोन्ही वेळा तिचे हात सोल्याकडे गेले, पण तेव्हा बघायला कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःला समजावलं होतं. आता समजावता येत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, गुरुवारपर्यंत थांब, मग त्याला ठेवून घ्यायचा कागद सहीला देते. मध्ये तीन दिवस होते. आणि हे सगळं माझ्या खिचडीपायी.

त्या दुपारी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं, रडले, माझी चूक सांगितली. मग रागही ओतला. म्हटलं, मान्य आहे गं, भीती होती, पण कुठली आई असं करते?

पलीकडे आईने चमचा वाटीत ठेवल्याचं ऐकू आलं.

"मी केलेलं," आई म्हणाली.

मोहन्यात सव्वीस जुलैच्या पुराची आमच्या घरची गोष्ट सगळी चाळ सांगते. नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं, बाबा ठाण्याला कामावर अडकलेले, आणि आई एका कडेवर मला, एका खांद्यावर दादाला घेऊन जिना चढली. मी तेव्हा सहा वर्षांची, तापाने फणफणलेली, मला स्वतःला काहीच आठवत नाही. माझ्या लग्नातसुद्धा कदमकाकूंनी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली होती. मी ती इथे क्लासमध्ये, माझ्या मोडक्या पोलिशमध्ये, आई या विषयावर बोलायचं होतं तेव्हा सांगितली होती.

"दोघांना एकदम कोण उचलेल गं? नऊ वर्षांचा होता तो, अंग ताठ. मी तुला उचललं नि कदमांकडे वर गेले. त्याला पलंगावर भिंतीला टेकवून. तो बघत होता."

मी विचारलं, मग लगेच खाली गेलीस ना?

"नाही," आई म्हणाली. "थांबलेले. कदमबाई बोलल्या, आता नको उतरू, तू पण जाशील. नि माझ्या मनात आलं, सुटेल तो. मी पण सुटेन. आलं मनात, काय करू. मग गेले. पाणी माझ्या छातीला लागलेलं. त्याच्या हनुवटीपर्यंत होतं. मला बघून हसला, ठाऊक आहे? हसला."

इतक्या वर्षांत हे तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं. लोकांनी, खरं ठाऊक असलेल्या कदमकाकूंनीसुद्धा, गोष्टीत तिच्या दोन्ही हातांत आम्हाला देऊन टाकलं आणि तिने कधी कुणाचं बोलणं खोडलं नाही. चीड नव्हती आली, फक्त असं वाटलं की ज्या बाईला मी जन्मभर ओळखते तिला आजच पहिल्यांदा भेटतेय.

ओक्सानाला सांगू का, असं मी विचारलं. आई म्हणाली, सांग, तिच्यापासून काय लपवायचंय.

मी सांगितलं. थोडं फोनमधल्या भाषांतराने, थोडं सिस्टरांच्या मदतीने. आईच्या मनात आलेलं तेसुद्धा, गाळलं नाही. सांगताना सिस्टर हालिना मध्ये एकदा थांबल्या, मग त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ओक्सानाने एकच विचारलं, तो मुलगा आता कुठे आहे?

मी व्हिडिओ कॉल लावला. मोहन्यात संध्याकाळ होती. आईने फोन दादासमोर धरला आणि अनोळखी चेहरा बघून दादा नेहमीसारखा हसला, सगळी मान मागे टाकून. मग आईने फोन स्वतःकडे वळवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला मराठी, एकीला युक्रेनी, बोलणार काय. शेवटी आई मला म्हणाली, "तिला सांग, आधी जेव म्हणावं. दोन दिवस जेवलेली दिसत नाही."

गुरुवारी ओक्साना दोन्ही मुलांना घेऊन बसमध्ये बसली. कागद सिस्टरांच्या खणातून निघालाच नाही. मार्कोची खुर्ची बसच्या पोटात गेली, तो तिच्या मांडीवर, आणि सोल्या शेजारी खिडकीशी, आईच्या दंडाला धरून. पुढे तिचं कसं होईल मला माहीत नाही. तिचे हात पुन्हा आधी कुणाकडे जातील तेही माहीत नाही.

बस गेल्यावर सिस्टरांनी मला सहज विचारलं, तुझ्या भावाला तुझ्या आईनंतर कोण बघणार? त्या रोज आयांना हाच प्रश्न विचारतात, त्यांच्या कामाचाच भाग आहे. मी इथे दुसऱ्यांच्या मुलांचे पाय सरळ करते आणि लोक माझं कौतुक करतात. माझ्या भावाचे पाय साठीची बाई एकटी सरळ करते आणि तिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी बघत नव्हते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय असं इथे कुणी विचारलं तर मी पूर्वी आईच्या हातचं जेवण, बाळंतपणाचं माहेर असलं काहीतरी सांगायचे. आता सांगवत नाही. त्या दिवशी आई मला वर पोचवून परत खाली गेली. मी मात्र अजून वरच बसलेय.

अमोलशी बोलले आहे. तो भारतातली बदली मागतोय, मिळायला वेळ लागेल, त्याच्यासाठी मी थांबणार नाही. काल आईला फोन करून सांगितलं की मी येतेय, सुट्टीला नाही, राहायला. दादाला आता मी उचलेन. पलीकडून मला नुसता आईचा श्वास ऐकू आला, जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा.