बाजारात मारलेली हाक

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून एक चूक झाली.

मी मालवणच्या आसपासच्या गावांत एचआयव्हीच्या उपचारांची माहिती देते. त्यामुळे ‘एड्सवाली बाई’ म्हणून सगळे मला ओळखतात. आमचा नियम साधा आहे: औषधं घेणारं कुणी बाहेर भेटलं, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही.

आज मासळी बाजारात आमच्याकडची औषधं घेणारी एक मासेवाली दिसली. गेल्या वर्षी तिच्या भावाने तिला अक्षरशः उचलून दवाखान्यात आणलं होतं. आज बांगड्यांची टोपली घेऊन गिऱ्हाइकाशी ऐटीत हुज्जत घालत होती. आनंदाच्या भरात मी लांबूनच ओरडले, “कितकी बरी दिसतंस गो!”

गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातले बांगडे टोपलीत टाकून ते गिऱ्हाईक शेजारच्या मासेवालीकडे गेलं.

मासळीतून एचआयव्ही होत नाही, हे मी गावोगाव सांगते. तिथे सांगितलं असतं, तर तिला एचआयव्ही आहे अशी बाजाराची खात्रीच पटली असती. मी पिशवी पुढे केली. “सगळे दे.”

बांगडे भरताना ती हळूच म्हणाली, “आज तुमी घेतल्यात, ताई. उद्या माझ्याकडे कोण येतलो?”

उद्या मी गेले तर लोकांचा संशय वाढेल. नाही गेले तर कदाचित तिच्याकडे कुणीच जाणार नाही. सांगा, मी जाऊ की नको?